बाह्यकाठा कोणत्या आकड्याने बांधायचा?

रॉटरडॅमच्या ईशान्येला, समुद्रसपाटीच्या पाच मीटर खाली असलेल्या एका गावात मी गेली अकरा वर्षे राहतो आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला पंपघर आहे आणि त्याच्या भिंतीवर पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी आहे. तिच्यावरचे शून्य, म्हणजे समुद्राची पातळी, पाहण्यासाठी मान वर करावी लागते. पुण्याहून भावाने पाठवलेली एका मराठी वाहिनीवरील चर्चा मी परवा त्या पट्टीखाली उभा राहूनच ऐकली. शतकाअखेरीस हवेत ११३५ पीपीएम कार्बन डायऑक्साइड असेल असे शास्त्रज्ञांचे भाकीत आहे, असे एक वक्ते सांगत होते. दुसऱ्या वक्त्यांचे म्हणणे असे, की हे सारे आकडे आपला कोळसा बंद पाडण्यासाठी पाश्चात्त्यांनी रचले आहेत. दोघांचेही चुकते आहे, पण दुसऱ्यांच्या रागाच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे आणि तिच्याकडे माझ्या इथल्या शेजाऱ्यांचे लक्ष नाही.

आधी ११३५ या आकड्याविषयी. हवेच्या दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे किती रेणू, ते पीपीएम सांगते. औद्योगिक युगापूर्वी हे प्रमाण सुमारे २८० होते; हवाईतील मौना लोआ येथे १९५८ साली मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५च्या आसपास होते आणि २०२४ साली तिथली सरासरी ४२५च्या जवळ पोहोचली. पुढचे प्रमाण ठरवायचे तर लोकसंख्या, उत्पन्न, ऊर्जा, जंगल यांविषयी काही गृहीतके धरून वर्षावर्षाचे उत्सर्जन मांडतात. या मांडणीला सिनारिओ म्हणतात, आणि तिचा अर्थ 'जग या वाटेने गेले तर' एवढाच असतो. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी हवामान समितीच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालातील मुख्य पाच सिनारिओंपैकी सर्वांत कमी उत्सर्जनाच्या वाटेवर २१०० साली सुमारे ३९३ पीपीएम, मधल्या वाटेवर सुमारे ६०० आणि सर्वांत वरच्या वाटेवर ११३५ येतात. वरच्या वाटेसाठी कोळशाचा वापर शतकभर प्रचंड वाढत राहावा लागतो. तिला 'नेहमीप्रमाणे चालू राहिले तर' असे म्हणणे दिशाभूल करणारे आहे, हे झीक हॉसफादर आणि ग्लेन पीटर्स या हवामान संशोधकांनी २०२० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात स्पष्ट लिहिले होते.

उत्सर्जनापासून प्रमाणापर्यंतचे गणित मात्र कोणत्याही देशाच्या सोयीचे नाही. ७.८ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत राहिला की प्रमाण एक पीपीएमने वाढते. माणूस वर्षाला ४० अब्ज टनांच्या आसपास सोडतो, म्हणजे वाढ पाच पीपीएम व्हायला हवी. ती जवळपास अर्धीच होते, कारण उरलेला वायू समुद्र आणि वनस्पती शोषून घेतात. मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट याच शोषणाची आहे. १८५० ते २१०० या काळातील एकूण उत्सर्जनापैकी सुमारे ७० टक्के वाटा निसर्ग सर्वांत खालच्या वाटेवर शोषून घेईल, तर सर्वांत वरच्या वाटेवर ३८ टक्केच, असे तोच अहवाल सांगतो. जितके अधिक सोडू, तितका निसर्गाचा हात आखडता होईल.

नेदरलँड्समध्ये हे आकडे कामाची अवजारे म्हणून वापरले जातात, आणि या देशाकडून शिकावे असे मला वाटते ते हेच. १९५३च्या पुरात इथे १८३६ माणसे गेली. इथल्या हवामान संस्थेने २०२३ साली नवे सिनारिओ जाहीर केले. त्यांत शतकाअखेरीस डच किनाऱ्यावरची समुद्रपातळी कमी उत्सर्जनात २६ ते ७३ सेंटिमीटर आणि जास्त उत्सर्जनात ५९ ते १२४ सेंटिमीटर वाढेल, असे धरले आहे. यांपैकी खरे काय होणार, यावर माझे शेजारी भांडत बसत नाहीत. बंधारा शंभर वर्षे टिकायचा असेल तर वरचा आकडाही हिशेबात धरावा लागतो, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

त्यांच्या बोलण्यात कधीच न येणारी गोष्ट अशी, की खालच्या वाटेच्या पोटात कोणाचे आयुष्य काय धरले आहे. तेजल कानिटकर, टी. जयरामन या भारतीय संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवामान समितीच्या त्या सहाव्या अहवालातील सिनारिओ तपासून दाखवले, की तापमानवाढ रोखणाऱ्या अनेक वाटांवर दक्षिण आशिया आणि आफ्रिकेतील माणसाचे उत्पन्न व ऊर्जावापर पुढेही श्रीमंत देशांच्या फार मागे राहतो. दरडोई सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या भारताला सात टनांच्या आसपास सोडणाऱ्या देशात बसून संयम शिकवणे मला लाजिरवाणे वाटते, आणि हे मी इथे बोलूनही दाखवतो. म्हणून वाहिनीवरच्या त्या दुसऱ्या वक्त्यांना माझे सांगणे असे, की तक्रार पीपीएमच्या गणिताविरुद्ध करू नका, गृहीतकांविरुद्ध करा. भारताने २०२१ साली ग्लासगोत २०७०पर्यंत नक्त शून्याचे, म्हणजे जेवढे सोडू तेवढे शोषून घेण्याचे, वचन दिले. तोवर विदर्भातल्या औष्णिक वीज केंद्रांचे, तिथल्या कामगारांचे आणि शेतपंपांच्या विजेचे काय, याची मराठीत मांडलेली आकडेवार वाट या चर्चेत कोणी पुढे ठेवली असती, तर मी ती चारचौघांना आवर्जून ऐकवली असती.

माझ्या मामांची भातशेती पेणजवळच्या खारेपाटात आहे. उधाणाच्या भरतीत बाह्यकाठ्याला, म्हणजे खाडीचे पाणी अडवणाऱ्या बांधाला, खांड गेली की खारे पाणी शिरते आणि पुढची दोन-तीन वर्षे त्या शेतात भात नीट होत नाही. गेल्या दिवाळीत हे सारे मी त्यांना सांगत होतो, तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून एवढेच विचारले, "अरे, तुमच्या त्या आकड्यांतला कोणता धरून काठा बांधायचा, तेवढं सांग." मी म्हणालो, "मामा, काठ्यासाठी वरचाच धरा. खालचा आकडा खरा करायचं काम आधी आम्ही राहतो त्या देशांचं आहे."

ते काठ्यावर गेले आणि मागच्या पावसात खांड गेलेल्या जागी पावलांनी उंची मोजू लागले.