ऑटो-लॉकची वायर मी का काढली: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुन्या जपानी गाड्यांतल्या ऑटो-लॉकची वायर काढा, असं मी आधीच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. गाडी सुरू झाली की दारं आपोआप लॉक होणं ही सुरक्षेची सोय आहे, ती बंद करायला सांगून मी लोकांचा जीव धोक्यात घालतोय आणि जपानी इंजिनिअरांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, असं तुमचं म्हणणं. गाडीत लहान मूल असेल तर दार लॉक हवंच, हे मला पूर्ण मान्य आहे. लेखात ते लिहायला हवं होतं, राहिलं, त्याबद्दल दिलगीर आहे.

पण जपानी इंजिनिअरांशी माझं भांडणच नाही. नव्वदच्या दशकातल्या स्कायलाइन, सुप्रा, आरएक्स-७ जुन्या गाड्या म्हणून बोटीने इथे ब्रिटनमध्ये आल्या. मी लिहिलं ते ऑटो-लॉक त्यांच्या कारखान्यातलं नव्हे. विमा कंपनी मागते म्हणून इथे आल्यावर थॅचम (गाड्यांची सुरक्षा तपासणारी ब्रिटिश संस्था) कॅटेगरी १ चा अलार्म बसवतात, आणि दारं लॉक करण्याची सोय अनेकदा त्या अलार्मच्या डब्यातच असते: इग्निशन लागलं की लॉक, बंद झालं की अनलॉक. डबा चांगलाच असतो. घात होतो तो जोडणीत.

या गाड्यांच्या इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, म्हणजे टर्बो असतो, आणि त्यासाठी बहुधा टर्बो टायमरही लावलेला असतो. जोरात पळवून आणलेलं इंजिन एकदम बंद केलं तर टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल तिथेच करपतं, म्हणून किल्ली काढल्यावरही टायमर इंजिन मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवतो. त्यासाठी तो इग्निशनच्या वायरला वीज देत राहतो. टायमरचा हिशेब न धरता अलार्म जोडला असेल, तर त्याच्या लेखी गाडी चालूच असते. तुम्ही उतरून दार लावलंत की तो पुन्हा लॉक करू शकतो.

माझ्याकडे तेच झालं. माझी आर३३ स्कायलाइन गॅरेजमध्ये घेतली, किल्ली काढून शेजारच्या सीटवर ठेवली, पिशव्या उचलल्या आणि कोपराने दार लोटलं. खट् आवाज झाला. रिमोटही त्याच जुडग्यात. चार वर्षांची मुलगी मागे पट्ट्यात अडकलेली, लॉकचा खटका तिच्या हातापासून फूटभर लांब, इंजिन धडधडतंय. धावत जाऊन गॅरेजचं शटर पूर्ण वर केलं, म्हणजे धूर तरी बाहेर जाईल. मग काचेला हात लावून तिच्याशी बोलत उभा राहिलो. टायमर संपला, दारं आपोआप उघडली. दीड मिनिटच गेलं असेल, पण तो खट् आवाज अजून कानात आहे.

आता अपघाताचं. तुम्ही लिहिलंत, लॉक असलं तरच दार बंद राहतं. दार धरून ठेवतो तो लॅच, म्हणजे दाराच्या कडेची पकड. लॉक फक्त हँडल आणि लॅच यांचा संबंध तोडतं. धडकेत हँडलच ओढलं गेलं तर लॉकचा उपयोग होतो, हे खरं. पण मदतीला धावलेल्या माणसालाही बाहेरचं हँडल मग उपयोगाचं नाही. नव्या गाड्यांत एअरबॅग फुटली की दारं स्वतःहून अनलॉक व्हावीत अशी सोय असते. नंतर बसवलेल्या डब्याला एअरबॅगची खबरच नसते.

वेगावर चालणारं लॉक असेल तर आणखी एक भानगड. इथे स्पीडोमीटर मैलांत दाखवावा म्हणून वेगाच्या सिग्नलवर चिप लावतात. लॉकची वायर चिपनंतरच्या सिग्नलवरून घेतली असेल, तर ताशी २० किलोमीटरला लागणारं लॉक २० मैलांना, म्हणजे ३२ किलोमीटरला लागतं.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर आज रात्री एवढं करा. खिशात किल्ली ठेवून आत बसा, दारं लॉक करा, दिवे बंद करा आणि शेजारी बसलेल्याला दार उघडायला सांगा. त्या काळच्या अनेक गाड्यांत नुसतं आतलं हँडल ओढून दार उघडत नाही, आधी खटका सरकवावा लागतो. नवख्या माणसाला तो अंधारात चटकन सापडत नाही.

सगळ्यांनी वायर काढा असं मी आता म्हणणार नाही. काही अलार्मना टर्बो टायमरसाठी वेगळी सेटिंग असते; तुमच्या डब्यात ती असेल तर जाणकाराकडून चालू करून घ्या, ऑटो-लॉक खुशाल ठेवा. माझ्या डब्यात ती नव्हती. मुलगी बसली की लॉक मी हाताने लावतो, आणि किल्ली खिशात गेल्याशिवाय दार लोटत नाही.