‘फक्त तीन कागदांत निर्यात’: मेसेज अर्धाच खरा आहे

आंब्याचा हंगाम जवळ आला की गावाकडच्या गटांवर एक मेसेज फिरू लागतो. मजकूर साधारण असा: ‘२०१५ पासून निर्यातीला फक्त तीन कागद लागतात. ५०० रुपयांत आयईसी काढा, आयुष्यभर चालतो. फायटो मिळाला की माल कुणी अडवू शकत नाही. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन वगैरे एजंटांनी पैसे खायला काढलेल्या भानगडी. चूक झालीच तर मागून दुरुस्त होते.’ (आयईसी म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी क्रमांक, फायटो म्हणजे मालात कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला, आणि सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन म्हणजे माल कुठल्या देशातला याचा दाखला.) मी वाशीत निर्यातीची कागदपत्रंच करतो, म्हणजे या हिशेबाने पैसे खाणाऱ्यांतलाच. ते धरून पुढचं वाचा.

तीन कागद ही गोष्ट खरी आहे. डीजीएफटीने, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने, मार्च २०१५ मध्ये अनिवार्य कागदांची यादी तीनवर आणली: बिल ऑफ लेडिंग किंवा एअरवे बिल (जहाज किंवा विमान कंपनीची मालाची पावती), इन्व्हॉइस-कम-पॅकिंग लिस्ट (बिल आणि मालाची यादी एकत्र) आणि शिपिंग बिल (कस्टम्सकडे द्यायचा निर्यातीचा अर्ज). पण एखाद्या मालाला दुसरा कायदा लागू असेल, तर संबंधित खातं जादा कागद मागू शकतं, हीही तरतूद तिथेच आहे. शिवाय ही यादी आपल्या बाजूची. पलीकडच्या बंदरावर काय दाखवायचं, ते दिल्ली कसं ठरवणार? फळं-भाज्यांचं सोडा, नटबोल्ट पाठवले तरी लाकडी पेटीवर आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलं किंवा त्याला कीडनाशक धुरी दिली, याची ती खूण. “लोखंडाला कसली कीड?” असं एका कारखानदाराने मला सुनावलं होतं. कीड लोखंडात नाही हो, फळीत असते.

आयईसीची फी ५०० रुपये, हेही बरोबर. आता तो नंबर म्हणजे तुमचा पॅनच असतो. मात्र दरवर्षी एप्रिल ते जून या काळात, काहीही बदललेलं नसलं तरी, पोर्टलवर जाऊन माहिती कायम करावी लागते; नाहीतर तो निष्क्रिय होतो. बँकेचा एडी कोड (निर्यातीचे पैसे ज्या बँकेत येणार तिचा कस्टम्सकडे नोंदवायचा क्रमांक) आणि जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) ही कामं वेगळीच.

मेसेजमधलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य फायटोबद्दलचं आहे. फायटो सांगतो एवढंच की माल तपासला आणि आयात करणाऱ्या देशाला नको असलेली कीड-रोग त्यात आढळले नाहीत. चव, दर्जा, औषधांचे अवशेष यांची हमी त्यात नसते. युरोपला द्राक्षं पाठवायची तर आधी बागेची ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षबागांची ऑनलाइन यादी) नोंद, मग अवशेषांचा प्रयोगशाळा अहवाल, दर्जाचा ॲगमार्क, आणि त्यानंतर फायटो. म्हणजे कागदाचं काम माल काढायच्या कित्येक महिने आधी बागेतच सुरू होतं. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अवशेष सापडले आणि माल अडकला. फायटोने त्यात काहीच वाचवलं नसतं, कारण ते त्याचं कामच नाही.

आणि किडीपुरतं तरी फायटो निर्णायक म्हणावा, तर तेही नाही. २०१३ मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत कीड सापडली. कागद होते, अळ्याही होत्या. १ मे २०१४ पासून युरोपने आंबा आणि त्याच्याबरोबर वांगी, कारली, पडवळ, अळू बंद केलं. ऐन हापूसच्या हंगामात! आंब्यावरची बंदी पुढच्या वर्षी उठली, पण तो हंगाम गेला तो गेलाच.

सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनचे दोन प्रकार आहेत. एक साधं, दुसरं, व्यापार करारातली शुल्कसवलत मिळवून देणारं. यूएईबरोबरचा करार १ मे २०२२ पासून लागू आहे, त्यामुळे दुबईचा ग्राहक हे दुसरं मागतो, कारण त्यावर त्याचे पैसे वाचतात. ती एजंटने काढलेली भानगड नाही. आफ्रिकेतला कच्चा काजू आणून सिंधुदुर्गात फोडला तर गर भारतीय ठरेल का, याचं उत्तर त्या करारातल्या उगमाच्या नियमांत असतं, कारखान्याच्या पत्त्यात नाही.

राहिली ‘मागून दुरुस्त होते’ ही थाप. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर विकिरण प्रक्रिया (किरणांनी कीड निकामी करणं) करावी लागते आणि ती झाल्याचा पीपीक्यू २०३ हा फॉर्म मालाबरोबर जातो. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत प्रक्रिया झालेल्या १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, अटलांटा या विमानतळांवर अडल्या. कारण कीड नव्हे, याच कागदातली गफलत. खेप स्वखर्चाने परत आणा किंवा तिथेच नष्ट करा, एवढेच दोन पर्याय होते. पिकत आलेला आंबा परत कोण आणणार? निर्यातदारांनी तो नष्ट करू दिला.

एलसीवरच्या (ठरलेले कागद बिनचूक मिळाले तर पैसे देण्याची बँकेची हमी) व्यवहारात तर बँक माल बघतच नाही, फक्त कागद बघते. माझ्याच हातून एकदा गुळाच्या खेपेत इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टवरच्या निव्वळ वजनात ४० किलोंचा फरक राहिला. बँकेने कागद अडवले, ग्राहकाने तेवढ्यात भाव पाडला. गूळ एक नंबर होता. पैसे मात्र कमी आले, आणि शेठजींनी तो फरक माझ्या दिवाळी बोनसमधून वळता केला.