घोळाच्या रसाने मुतखडा विरघळत नाही

"घोळाचा पेलाभर कच्चा रस रोज अनशापोटी प्या, मुतखडा विरघळून पडतो. शिजवला की सगळं सत्त्व जातं. माशाइतकं ओमेगा-३ मिळतं. शेतात कुठलाही घोळ उपटा, फुकटचं औषध आहे." हा मजकूर मोबाइलवर सर्रास पुढे ढकलला जातो. बेळगाव-खानापूरकडे घोळ ओळखीची भाजी, त्यामुळे लोकांना तो पटतोही. पण त्यातला पहिलाच सल्ला घातक आहे.

बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि घोळात पालकासारखंच भरपूर ऑक्झलेट, म्हणजे कॅल्शियमला चिकटणारा पाल्यातला क्षार, असतं. पेलाभर रसाला भाजीच्या वाढपापेक्षा कितीतरी जास्त पाला लागतो. रिकाम्या पोटी त्या ऑक्झलेटला आतड्यातच अडवणारं कॅल्शियम नसतं, म्हणून ते रक्तात आणि पुढे लघवीत उतरतं. खडा विरघळायचा राहिला, त्याला खुराकच मिळतो. उन्हाळी लागली की थंड म्हणून घोळ खाऊ घालायची रीत जुनी आहे, घामोळ्यांवर वाटलेल्या पाल्याचा लेपही लावतात. पण लघवीची जळजळ वेगळी आणि खडा वेगळा. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी तर पोटॅशियमसाठीही जपावं: १०० ग्रॅम घोळात ते सुमारे ४९० मिलिग्रॅम असतं.

शिजवल्यावर क जीवनसत्त्व कमी होतं, हे खरं. पण विरघळणारं ऑक्झलेटही पाण्यात उतरतं, आणि ताकातलं कॅल्शियम उरलेल्यातलं बरंच बांधून ठेवतं. ताकातला घोळ म्हणूनच शहाणपणाचा.

पाव किलो कोवळे शेंडे घ्या. घोळ जमिनीलगत पसरतो, देठांच्या बेचक्यांत माती बसते, तेव्हा मुळं काढून तीन पाण्यांत धुवा. चिरून उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवा आणि ते पाणी ओतून द्या; जास्त वेळ ठेवला तर बुळबुळीत होतो. तीन वाट्या ताकात दोन चमचे डाळीचं पीठ गुठळ्या न ठेवता घुसळा. तेलात जिरं, आठ-दहा लसूण पाकळ्या, सुक्या मिरच्या, हळद. त्यावर घोळ परता, आच मंद करून ताक ओता आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहा. पीठ कमी पडलं किंवा आच मोठी झाली की ताक फुटतं. मीठ शेवटी, चव बघून, कारण घोळ मुळातच खारट-आंबट. पाण्याचा ताण पडलेल्या घोळात रात्री मॅलिक आम्ल साठतं, म्हणून सकाळी खुडलेला जास्त आंबट लागतो. तेव्हा ताक गोडं घ्या. जोंधळ्याच्या भाकरीबरोबर याला तोड नाही.

ओमेगा-३ आहे, १०० ग्रॅम ताज्या पानांत साधारण ३०० ते ४०० मिलिग्रॅम. पालेभाजीच्या मानाने ते उत्तमच, पण माशातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं. घोळातल्याचा थोडाच भाग शरीर त्यात बदलू शकतं.

"कुठलाही उपटा" हे तर मुळीच ऐकू नका. उसात तणनाशक मारलं असेल तर तिथला घोळ सोडा. शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या बळ्ळारी नाल्याच्या काठचाही नको. भांगलणीत हाती आलेला, फवारणी नसलेल्या मळ्यातला घ्या. देठ मोडून बघा: पांढरा चीक आला तर ते दुधी नावाचं तण, घोळ नव्हे, टाकून द्या. घोळाचा देठ गुळगुळीत, मांसल, तांबूस असतो, मोडल्यावर पाणीच येतं आणि फूल पिवळं असतं.