कडत्याचा फ्लेक्स

लातूरच्या मोंढ्यातल्या आडत्यांसाठी आम्ही सी भाषेत हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर लिहितो. नव्यानं लागलेल्या पोराला त्यातल्या कमेंट, म्हणजे माणसांसाठी लिहिलेल्या अन् यंत्र सोडून देतं त्या टिपा, फार गरीब वाटल्या. मग त्यानं फिगलेट आणलं. ग्लेन चॅपेल आणि इयन चाय यांचा हा १९९१ चा प्रोग्राम. एक शब्द द्या, उभ्या-तिरक्या रेघा जुळवून त्याची टोलेजंग अक्षरं करून देतो. पोरानं सोय अशी केली, की कमिट मारलं, म्हणजे कोडमधला बदल नोंदवला, की महत्त्वाच्या ओळींच्या डोक्यावर बॅनर आपोआप चढावा. साहेब खूश. "आता कसं भारदस्त दिसू लालंय!"

दिसणारच. शेतकऱ्याच्या मालाच्या वजनातून कडता, म्हणजे आडत्यानं कापायची घट, वजा करणारी ओळ एकच, अन् तिच्यावर इंग्रजी कॅपिटलमध्ये पाच ओळींचा 'कडता'. चौकात पुढाऱ्याच्या भाच्याचा वाढदिवस लागावा अन् मागची पानटपरी गायब व्हावी, तसं.

इथं ओळ खरंच गायब झाली.

एका आडत्याचा फोन आला, "ओ, तुमच्या पट्टीत कडताच कटंना गेलाय!" शेतकऱ्यांकडून एकही तक्रार नव्हती, एवढं नोंदवून ठेवतो.

मी दुपारभर गणित तपासलं. गणित बरोबर. गोम अक्षरांत होती. फिगलेटच्या नेहमीच्या फाँटमध्ये 'ए' चा उजवा पाय म्हणजे बॅकस्लॅश (\). सी भाषेत ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश आला, की पुढची ओळ तिलाच जोडली जाते. दोन तिरक्या रेघांनी (//) सुरू होणाऱ्या कमेंटलाही हा नियम लागू. 'कडता'च्या शेवटी ए, म्हणून खालची वजाबाकीची ओळही कमेंटमध्ये गेली. फिगलेट बॅनरखाली एक रिकामी ओळ सोडतं, तिनं हा फटका झेलला असता. पोरानं ती 'टापटीप' म्हणून छाटली होती. कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरनं वॉर्निंग दिली होती म्हणा. पण वॉर्निंग वाचायला बॅनर ओलांडून कोण जाणार?

मला वाटलं, आता बॅनर जातील. साहेब म्हणाले, "बॅनर राहू द्या. नावं बदला. कोणती अक्षरं वाईट आहेत?"

"शेवटी ए, के, क्यू, आर, एक्स नको."

"म्हणजे लातूर?"

"नाही चालत."

साहेबांचा चेहरा पडला. "अन् नांदेड?"

"चालतं साहेब. बीडसुद्धा."

"बीडसुद्धा?" म्हणत त्यांनी पंखा वाढवला.