छळ मुलांनी केला, दाबला मोठ्यांनी: 'द ग्लोरी'वरच्या आक्षेपांना उत्तर

'द ग्लोरी' ही कोरियन मालिका येऊन बराच काळ लोटला, तरी तिच्याबद्दलचं एक म्हणणं पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि फेसबुकवर अजून फिरतंय. त्याचा सारांश असा: इतकं क्रौर्य खऱ्या शाळेत होत नाही, प्रेक्षक खेचायला ते रचलेलं आहे. शाळेत मारामाऱ्या होतच असतात, त्यात गरीब-श्रीमंत आणायचं कारण नाही. नायिकेने नीट तक्रार केली असती तर कायदा होताच. वर ही मालिका मुलांना सूड शिकवते. तिचा दिग्दर्शकच शाळेत मारहाण करणारा निघाला. आणि शेवटी, इतकी जुनी गोष्ट उगाळत बसण्यापेक्षा विसरून पुढे जावं.

हे म्हणणं दिसायला समंजस आहे, म्हणूनच ते इतकं पुढे ढकललं जातं. मला ते जवळपास सगळंच चुकीचं वाटतं, आणि शेवटचा सल्ला तर घातक वाटतो. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: किम उन-सूक यांनी लिहिलेली ही सोळा भागांची मालिका दोन टप्प्यांत आली, ३० डिसेंबर २०२२ आणि १० मार्च २०२३. मून दोंग-उन या गरीब मुलीला २००४ साली शाळेतलं पाच जणांचं टोळकं भयंकर छळतं. तिला शाळा सोडावी लागते. ती कारखान्यात राबते, बाहेरून परीक्षा देते, प्राथमिक शिक्षिका होते, आणि टोळक्याच्या म्होरक्या पार्क योन-जिनच्या मुलीची वर्गशिक्षिका बनून परत येते. मोठी झालेली दोंग-उन सोंग हे-क्योने केली आहे, आणि योन-जिन लिम जी-योनने.

पहिला आक्षेप अतिरंजिततेचा. ज्या दृश्यावरून तो घेतला जातो ते शाळेच्या व्यायामशाळेतलं आहे. केस कुरळे करायचं तापलेलं यंत्र दोंग-उनच्या अंगावर टेकवलं जातं. हे पाहून कुणालाही वाटेल की लेखिकेने हद्द केली. पण २००६ साली चोंगजू शहरातल्या मुलींच्या एका शाळेत नेमकं हेच घडलं होतं. एका विद्यार्थिनीला तिच्याच बरोबरीच्या मुलींनी याच यंत्राने भाजलं, आणि हा प्रकार एका दिवसाचा नव्हता, तो काही आठवडे चालला होता. कोरियन वर्तमानपत्रांत तेव्हा ते छापून आलं होतं. मालिका आल्यावर त्या जुन्या बातम्या लोकांनी पुन्हा वर काढल्या.

याचा अर्थ कोरियातली प्रत्येक शाळा अशी आहे असा नाही, आणि तसं कुणी म्हणत असेल तर तेही चूक आहे. तिथलं शिक्षण मंत्रालय चौथीपासून बारावीपर्यंतच्या मुलांची दरवर्षी पाहणी करतं. २०२२ मध्ये १.७ टक्के मुलांनी आपल्याला त्रास दिला गेल्याचं सांगितलं, २०२३ मध्ये १.९ आणि २०२४ मध्ये २.१ टक्के. त्रासाच्या प्रकारांत सगळ्यात मोठा वाटा शिव्या आणि अपमानाचा असतो, मारहाण त्याच्या मागे येते. म्हणजे मालिकेने टोकाचं उदाहरण घेतलं हे खरं. पण टोकाचं म्हणजे खोटं नव्हे. आणि शंभरात दोन हा आकडा लहान वाटत असेल, तर हजार मुलांच्या शाळेत ती वीस मुलं होतात हे लक्षात घ्या.

आता पैशाचा मुद्दा. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण फिरणारं म्हणणं इथेच मालिका सगळ्यात कमी पाहिल्यासारखं बोलतं.

व्यायामशाळेचं दृश्य सगळ्यांच्या लक्षात राहतं. माझ्या मते मालिकेचा कणा शाळा सोडण्याच्या अर्जात आहे. दोंग-उन त्या अर्जावर शाळा सोडण्याचं कारण म्हणून छळ असं लिहिते आणि छळणाऱ्यांची नावंही लिहिते. वर्गशिक्षक चवताळतो. आपल्या वर्गावर असा शेरा गेला तर आपलं काय होईल, एवढीच त्याची काळजी. शिक्षकांच्या खोलीत, बाकीच्यांच्या देखत, तो तिला थोबाडीत मारत सुटतो. पुढे योन-जिनची आई पैसे घेऊन येते. ते पैसे दोंग-उनची स्वतःची आई घेते आणि सही करते. कागदावर आता शाळेशी जुळवून घेता आलं नाही असं कारण लागतं. भाजलेलं अंग आहे, नावं आहेत, साक्षीदार आहेत, आणि कागद म्हणतो की मुलीलाच जमलं नाही. ही मिटवामिटवी एकाही मुलाने केलेली नाही. ती शिक्षकाने, दोन आयांनी आणि पैशाने केली.

टोळक्याच्या आतही पैशाच्या पायऱ्या आहेत, आणि लेखिकेने त्या फार बारकाईने दाखवल्या आहेत. छोई हे-जोंग ही कपडे धुण्याच्या दुकानदाराची मुलगी. सोन म्योंग-ओ हरकाम्यासारखा वागवला जातो, मोठेपणी तर तो अक्षरशः टोळक्यातल्याच श्रीमंत जॉन जे-जूनची कामं करत हिंडतो. दोघंही छळ करण्यात पुढे आहेत, कारण छळणाऱ्यांत राहिलं नाही तर छळ सोसणाऱ्यांत जावं लागेल हे त्यांना ठाऊक आहे. दोंग-उनच्या आधी त्या जागी दुसरी मुलगी होती, ती गेली. दोंग-उन गेल्यावर तिसरी आली. ही जागा भरलेलीच राहते, आणि तिथे कोणाला बसवायचं हे ठरवताना टोळकं आधी बघतं की हिच्यासाठी भांडायला येणारं कोणी आहे का. याला मुलांमुलांतली भांडणं म्हणता येत नाही. भांडणात दोन्ही बाजूंना हात उचलता येतो.

लेखिकेने स्वतः याबद्दल जे सांगितलं ते ऐकण्यासारखं आहे. मालिकेचं बीज त्यांच्या लेकीच्या प्रश्नात होतं: मी कोणाला मरेस्तोवर मारलं तर तुला जास्त दुःख होईल, की मी मार खाऊन आले तर? पुढे किम उन-सूक म्हणाल्या की आपल्याकडे पैसा आहे, लेकीला कोणी मारलं तर त्यांना कोर्टात खेचायची ताकद आहे. दोंग-उनसारख्या बहुतेकांकडे ती नसते. संपूर्ण मालिका याच फरकावर उभी आहे. त्यातून पैसा वजा करा म्हणणं म्हणजे कथाच वजा करणं.

आणि हा फरक फक्त पडद्यावरचा नाही हे कोरियाने त्याच महिन्यांत पाहिलं. मालिकेचा पहिला टप्पा येऊन गेला होता, दुसरा यायचा होता. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी माजी सरकारी वकील चुंग सुन-शिन यांची पोलिसांच्या राष्ट्रीय तपास कार्यालयाच्या प्रमुखपदी नेमणूक झाली. दुसऱ्याच दिवशी ती मागे घ्यावी लागली. कारण त्यांच्या मुलाचं जुनं प्रकरण बाहेर आलं. २०१७ मध्ये एका नामांकित खासगी निवासी शाळेत तो आपल्या वर्गमित्राला सतत हिणवत होता, जेजू बेटावरून आलेला म्हणून त्याला डुक्कर म्हणत होता. २०१८ मध्ये त्याची दुसऱ्या शाळेत बदली करण्याचा निर्णय झाला. वडिलांनी तो निर्णय मान्य केला नाही. फेरविचाराचे अर्ज झाले, मग खटला, मग वरचं कोर्ट, करत करत सर्वोच्च न्यायालयापर्यंत. कोर्टांत सगळीकडे हरले, पण दरम्यान महिन्यांमागून महिने गेले. तोवर त्रास सोसणारा मुलगा त्याच शाळेत होता, आणि त्याची प्रकृती इतकी ढासळली की त्याला शिकणं अशक्य झालं. त्रास देणारा पुढे देशातल्या सगळ्यात मानाच्या विद्यापीठात, सोल राष्ट्रीय विद्यापीठात, दाखल झाला.

यात कुठेही तापलेलं यंत्र नाही. कायदा मोडलेला नाही. जे केलं ते सगळं कायद्याच्या चौकटीत. कायदा माहीत असलेला बाप आणि वकिलांचा खर्च झेपणारं घर, एवढ्यावर ते झालं. पैशाचा संबंध नाही म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण समोर ठेवून मग बोलावं.

तिसरा आक्षेप, कायदा होताच की. हो, होता. शाळेतला हिंसाचार रोखण्याचा कोरियन कायदा २००४ चाच आहे, म्हणजे मालिकेतला छळ जिथे सुरू होतो तेच वर्ष. आणि दोंग-उन तक्रार करते, हेही विसरलं जातं. ती पोलिसांत जाते. तिथे पोरांची मस्करी म्हणून प्रकरण गुंडाळलं जातं आणि त्यानंतर छळ वाढतो. शाळेतली परिचारिका तिच्या बाजूने उभी राहते, तर तिलाच शाळेतून जावं लागतं. तिने अजून नेमकं कोणाकडे जायला हवं होतं?

कायदा कागदावर असणं आणि मुलाच्या हातात पोहोचणं यात किती अंतर आहे हे कोरियाच्या पुढच्या वीस वर्षांत दिसतं. सुरुवातीला असे निर्णय शाळेतलीच समिती घेत असे, म्हणजे ज्या शाळेचं नाव खराब होणार तिच्याच आवारात निवाडा. डिसेंबर २०११ मध्ये देगू शहरातल्या एका विद्यार्थ्याने छळाचं सगळं लिहून ठेवून आत्महत्या केली आणि देश हादरला. त्यानंतर २०१२ पासून अशा प्रकरणांची नोंद मुलाच्या शालेय दाखल्यात होऊ लागली. समित्या शाळांबाहेर, शिक्षण कार्यालयांकडे जायला मात्र २०२० उजाडलं. चुंग प्रकरणानंतर एप्रिल २०२३ मध्ये सरकारने जाहीर केलं की गंभीर प्रकरणांची नोंद शाळा सुटल्यावर दोन ऐवजी चार वर्षं राहील, आणि २०२६ च्या प्रवेशांपासून विद्यापीठं ती लेखी परीक्षेवरच्या प्रवेशातही धरतील. प्रत्येक सुधारणा कोणाचं तरी आयुष्य उद्ध्वस्त झाल्यावर आली. दाखल्यातली नोंद इतकी महत्त्वाची झाल्यावर ती टाळायला वकील लावणंही वाढलं, आणि पुन्हा जमेची बाजू ज्याच्याकडे पैसे त्याचीच. मला कडक नोंदी मान्य आहेत, पण नुसत्या नोंदीने हा प्रश्न सुटेल असं मी म्हणणार नाही.

सूड शिकवते, हा चौथा मुद्दा. दोंग-उनचा सूड नीट बघा. ती माग काढते, वाट पाहते, कागद जमवते, योन-जिनच्या नवऱ्याशी ओळख व्हावी म्हणून 'गो' हा पटावरचा बैठा खेळ शिकते. टोळक्यातले लोक एकमेकांनाच खाली ओढतात, कारण त्यांच्यात मैत्री नव्हतीच. तिच्या अंगावरचे व्रण त्यामुळे बरे होत नाहीत. उकाड्यातही ती लांब बाह्यांत असते. तरुणपण, झोप, साधं जेवणाचं सुख, सगळं तिने या एका कामात घातलेलं आहे. हे पाहून कोणा मुलाला सूड हा सोपा आणि मजेचा मार्ग वाटेल, हे मला पटत नाही. उलट मालिका पाहून लोक काय करत होते? थायलंडमध्ये जानेवारी २०२३ मध्ये लोकांनी मालिकेचं नाव घेऊन आपल्यावरच्या शाळेतल्या छळाच्या हकिकती उघड सांगायला सुरुवात केली, आणि तिथल्या एका नटाला जाहीर माफी मागावी लागली. लोकांनी सुरी उचलली नाही, तोंड उघडलं.

दिग्दर्शक आन गिल-हो यांच्याबद्दलची गोष्ट खरी आहे. दुसरा टप्पा आला त्याच दिवशी आरोप झाला की १९९६ मध्ये फिलिपाइन्समध्ये शिकत असताना त्यांनी मारहाण केली होती. आधी त्यांनी आठवत नाही म्हटलं, मग दोन दिवसांत वकिलांमार्फत कबुली दिली आणि माफी मागितली. ही गोष्ट संतापजनक आहे आणि ती झाकायचं काहीच कारण नाही. पण त्यामुळे मालिका खोटी कशी ठरते? मारणाऱ्याला आठवत नव्हतं, मार खाणाऱ्याला सत्तावीस वर्षांनीही ते सांगता येत होतं. योन-जिनलाही आपण केलं त्यात काही चूक वाटत नाही. मालिकेचं म्हणणं दिग्दर्शकाच्या प्रकरणाने खोडलं जात नाही, ते आणखी घट्ट होतं.

राहता राहिला सल्ला, विसरून पुढे जा. हा सल्ला नेहमी त्रास सोसलेल्याला दिला जातो. त्रास देणाऱ्याला कोणी म्हणत नाही की तू जाऊन माफी माग आणि मग पुढे जा. किम उन-सूक यांनी सांगितलं होतं की लिहिताना त्यांनी अशा लोकांचे अनुभव वाचले, आणि त्यांतल्या अनेकांना भरपाई नको होती, मनापासूनची माफी हवी होती. दोंग-उन परत येते तोवर कायद्याची मुदत संपलेली आहे, अर्ज कुठे करायचा ते दार बंद आहे. ज्याला विसरायला सांगताय त्याच्या अंगावर भाजल्याच्या खुणा असतील, दाखल्यावर जुळवून घेता आलं नाही असा शेरा असेल, आणि ज्याने ते केलं तो रोज रात्री टीव्हीवर हवामान सांगत असेल, तर त्याने विसरायचं तरी कसं? योन-जिन मालिकेत नेमकं तेच काम करते. दोंग-उनला ती रोज दिसते.

तुमच्या ग्रुपवर हे म्हणणं पुन्हा आलं, तर पुढे पाठवण्याआधी पाठवणाऱ्याला त्या शाळा सोडण्याच्या अर्जाबद्दल विचारा: कारण कोणी बदललं, आणि किती पैशांत?