डोळ्यांत पाणी आलं म्हणजे प्रेम आलं का?

कीर्तनात शेजारच्याचे डोळे भरून आले की आपण लगेच ठरवतो, याला लागलंय! आपले कोरडे राहिले तर मनातून खट्टू होतो. हा हिशेब चुकतोय, आणि तो चुकतोय हे सांगायला कोणी नास्तिक लागत नाही. भक्तिशास्त्रानेच ते सांगून ठेवलंय.

चैतन्य महाप्रभूंचे शिष्य रूप गोस्वामी यांचा ‘भक्तिरसामृतसिंधु’ हा भक्तिशास्त्राचा ग्रंथ 1541 सालचा. त्यात आठ सात्त्विक भाव, म्हणजे भक्तीच्या भरात अंगावर उमटणाऱ्या खुणा, दिलेत: स्तंभ (अंग ताठरणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभेद (आवाज बदलणं), कंप, वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणं), अश्रू आणि प्रलय (प्रलय म्हणजे इथे शुद्ध हरपणं). ही यादी सगळ्यांना पाठ असते. पण तिथेच पुढे आभासांचीही, म्हणजे नुसत्या वरवर तशा दिसणाऱ्या खुणांचीही, वर्गवारी आहे, ती कोणी वाचत नाही. त्यातल्या एका प्रकाराचं नाव ‘निःसत्त्व’. मन मुळातच निसरडं असेल किंवा रडण्याचा सराव झाला असेल, तर आत काहीही नसताना अश्रू आणि रोमांच येऊ शकतात, असं ते चक्क लिहितात.

मग खूण कोणती मानायची? भाव, म्हणजे प्रेमाच्या आधीची अवस्था, अंकुरल्याची नऊ लक्षणं त्यांनी दिली आहेत. पैकी पहिली चार बघा. क्षांती, म्हणजे खवळायचं कारण समोर असूनही न खवळणं. अव्यर्थकालत्व, म्हणजे वेळ फुकट न घालवणं. मग विरक्ती आणि मानशून्यता. यातलं एकही कॅमेऱ्यात टिपता येत नाही. मला तर पहिली दोनच पुरेशी वाटतात. त्यातच भलेभले नापास होतील.

शिवाय भाव ही भक्तीच्या नऊ पायऱ्यांपैकी आठवी. श्रद्धा, साधुसंग, भजनक्रिया, अनर्थनिवृत्ती (मनातले दोष गळणं), निष्ठा, रुची, आसक्ती, भाव, आणि मग प्रेम. आपण तिसरीवर उभं राहून आठवीच्या गोष्टी करतो.

तिसरीवर काय काय बिघडतं, ते याच परंपरेतल्या विश्वनाथ चक्रवर्तींच्या ‘माधुर्यकादंबिनी’त फार नेमकं आलंय. अस्थिर भजनाचे त्यांनी सहा प्रकार केले. पहिला उत्साहमयी: नुकतं शिकायला बसलेल्या पोराला आपण पंडित झालोच असं वाटतं, तसं. सुरुवातीच्या दिवसांतला तो ‘दिव्य आनंद’ बहुतेक वेळा हाच असतो. मग घनतरला, कधी दाट तर कधी पातळ. नियमाक्षमा म्हणजे रोज नवा नियम धरायचा आणि निभवायचा नाही. जपाची संख्या एकदम वाढवणाऱ्यांचं हेच होतं. सहावा तरंगरंगिणी: भक्तीमुळे मिळणाऱ्या मानाच्या लाटांवर डुलणं. (बाकीचे दोन, मनातले विकल्प आणि विषयांशी झटापट, घरोघरी आहेतच.) हा सहावा सगळ्यात घातक, कारण बाहेरून तो थेट प्रेमासारखाच दिसतो.

आता आनंदाकडे येऊ. तैत्तिरीय उपनिषद आनंद चक्क मोजतं. तरुण, सज्जन, शिकलेला, धडधाकट माणूस आणि धनाने भरलेली सगळी पृथ्वी त्याची: हा एक मानुष आनंद. तिथून दर पायरीला शंभरपट, अशा दहा पायऱ्या. शेवटचा ब्रह्मानंद म्हणजे एकावर 20 शून्यं. प्रवचनांत हा आकडा रंगवून सांगतात. पण प्रत्येक पायरीवर एक पालुपद येतं, ‘श्रोत्रियस्य चाकामहतस्य’: वेद जाणणाऱ्या आणि कामनेने न मारलेल्या माणसाचाही आनंद तेवढाच. ते सुटलं की उरते नुसती स्वर्गाची दरपत्रिका.

भक्तिवाले यावर कडी करतात. ब्रह्मानंदाला परार्धाने, म्हणजे मोजणीतल्या अवाढव्य संख्येने, गुणलं तरी भक्तिसुखाच्या सागरातल्या परमाणूइतका होणार नाही, असं रूप गोस्वामी म्हणतात. आकड्यांची ही चढाओढ मला गमतीची वाटते. खरा फरक नारदभक्तिसूत्रांत आहे: ‘तत्सुखसुखित्व’, त्याच्या, म्हणजे देवाच्या, सुखात आपलं सुख. म्हणजे स्वतःच्या आनंदाची चौकशीच बंद.

याचं रूप गोस्वामींनी दिलेलं उदाहरण कृष्णाचा सारथी दारुक. तो कृष्णाला वारा घालत होता. प्रेमानंद इतका दाटला की स्तंभ, त्या आठांतला पहिला, अंगात चढू लागला आणि हात थबकू लागला. दारुकाला तो आनंद नकोसा झाला. वारा घालण्यात खंड पडत होता ना.