सातचा पाढा आणि एक झोळी

शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांना पंचवीस टक्के जागा गरीब व वंचित मुलांसाठी ठेवाव्या लागतात; एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असली की त्यातून पळवाट काढून देणारा फेब्रुवारी २०२४ चा नियम उच्च न्यायालयाने जुलैत रद्द केला, त्या संध्याकाळी अण्णा जणू स्वतःचीच शाळा जप्त झाल्याच्या आवेशात कट्ट्यावर आला. फी आपण भरायची आणि वर्गाचा स्तर मात्र घसरायचा, हे नेहमीचे गाऱ्हाणे गाऊन त्याने नातवाच्या शाळेतील घोडेस्वारीचे वर्णन सुरू केले.

"चौघांनी बादली सोडली की खाली जायला, स्तर म्हणजे काय विहिरीचे पाणी आहे?" मास्तरांनी विचारले.

मास्तरांची सगळी नोकरी डहाणू तालुक्यात गेली, त्यामुळे गाडी तिथल्याच कोसबाडच्या बालशिक्षणाच्या प्रयोगांकडे जाणार हे आम्ही ओळखले. बोलावूनही मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आईबापांना दोष न देता बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. आणि धाकट्या भावंडापायी मुलींची शाळा सुटू नये म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणली. (अंगणवाडी हा शब्द तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातला, हे आम्हा ठाणेकरांनाच ठाऊक नसते.)

मास्तरांनी तेच केले. तिसरीतली एक मुलगी भावाला कडेवर घेऊन येई, म्हणून त्यांनी व्हरांड्याच्या वाशाला जुन्या लुगड्याची झोळी बांधली. ती झोका देत पाढे म्हणे आणि सातच्या पाढ्यावर पोरगे हमखास झोपे.

"मीही सातवरच झोपायचो," बंड्या म्हणाला.

"अशांसाठी वेगळ्या शाळा काढाव्यात," अण्णाचा हेका कायम होता.

"तुझी आक्का चौथीपर्यंत माझ्यासोबत शिकत होती, हिशेबात माझ्या पुढे," मास्तर म्हणाले. "तू जन्मलास आणि तुला सांभाळायला ती घरी बसली. तिच्यासाठी कुणी झोळी बांधली नाही."

"तरी मी दिवसभर रडायचो, असे तीच सांगते."

"आता फी भरताना रडतोस," बंड्याने संधी साधली, आणि त्या हशात न्यायालय, घोडा आणि पंचवीस टक्के सगळेच वाहून गेले.

उठताना अण्णाने हळूच विचारले, "हिशेबात ती खरोखर पुढे होती?"

"व्यवहारी अपूर्णांक मला तिनेच शिकवले," मास्तर म्हणाले.